माळ्यावर सापडलेल्या महालक्ष्म्या

मंदाताई, तुमच्या तेरवीची शेवटची पंगत उठली आणि तुमच्या सुनेने मला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं. मला वाटलं, आता ही गळ्यात पडून रडणार, म्हणून मी पाय रोवून उभी राहिले. स्नेहल रडली नाही. तिने दार लोटलं, खुर्चीवरचा पत्रावळ्यांचा गठ्ठा खाली ठेवला, मला बसवलं आणि हळूच म्हणाली, "काकू, एक विचारून राहिली, खरं सांगा. महालक्ष्म्या आपल्या घरात पहिल्यापासून होत्या, की आईंनी आणल्या?"

म्हणजे बघा. तुम्ही थोरली जाऊ, मी धाकटी. एका घरात नांदलो, एका ओट्याशी भांडलो, आणि ज्या एका गोष्टीचं सरळ उत्तर तुम्ही मला उभ्या जन्मात दिलं नाही, ते तुमच्या सुनेने माझ्याकडे मागितलं. तेही कढी-वड्याच्या वासात, बाहेर भांडी वाजत असताना.

तिची अडचण खरी होती. बाहेर ओसरीवर चुलत दीर आणि त्यांच्या बायका बसल्या होत्या आणि त्यांचं सगळं ठरलं होतं. भाद्रपद तोंडावर आला. मोठी सून गेली, तर कुळाचार पुढच्या सुनेने उचलायचा. घरच्या महालक्ष्म्या सोडता येत नाहीत, सोडल्या की घराला भोवतं. असं म्हणून त्या मंडळींनी दुसऱ्यांदा कढी मागितली होती.

"मी मानत नाही काकू, हे आईंनाही माहीत होतं," स्नेहल म्हणाली. "पण घराण्याचं असलं तर मी करीन. चार पिढ्यांनी केलं त्याला नाही म्हणायला मी कोण? आणि आईंनीच मधून सुरू केलं असलं, तर ते त्यांचं होतं. मग मी मोकळी. तेव्हाच्या घरातल्या तुम्हीच उरल्या. काकांना विचारलं तर ते म्हणतात, बायकांचं बायकांना माहीत."

आमच्या ह्यांनी जन्मभरात दिलेलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर असेल ते. मी स्नेहलला म्हटलं, चार दिवस दे. आणि प्रताप नगरला घरी येऊन बसले ती तुमच्याशी भांडत.

मी जात्याच संशयी आहे हे तुम्ही घरी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगत होता. "आमची रेखा दूध बी विचारून पिते, गायीचं का म्हशीचं," असं म्हणायच्या. माझी नोकरीच तशी होती. बँकेत जन्म सह्या पडताळण्यात गेला. त्यातून मला एक कळलं होतं. खरी सही माणूस बेफिकिरीने करतो, कधी शेपूट लांब जाते, कधी टिंब राहतं. खोटी सही मात्र फार जपून केलेली असते. आणि तुमच्या महालक्ष्म्या मला पहिल्या दिवसापासून फार जपून सापडलेल्या वाटल्या.

माझं लग्न होऊन दुसरंच वर्ष होतं. महाल भागातल्या आपल्या जुन्या घराच्या माळ्यावर तेव्हा मोडलेल्या मागांचे सुटे भाग पडून होते, फण्या, धोटे, सुताच्या कांड्या. माग विकून झाले होते, विणणारे हात दुकानात आणि सरकारी नोकरीत लागले होते, पण सासूबाई त्या लाकडांना हात लावू देत नव्हत्या. दसऱ्याला त्यांचीच पूजा व्हायची. दुसरा देव घरात यायला बंदी होती. शेजारणीने एकदा कुठल्या तरी बाबांची तसबीर आणून दिली, तर सासूबाईंनी ती दारातूनच परत पाठवली. त्यांचं म्हणणं ठरलेलं होतं, "घरात देव आणाचा नसते वं, तो असावा लागते."

आणि त्या श्रावणात तुम्हाला माळा साफ करायची हुक्की आली. झुरळं झाली म्हणालात. तुम्ही शिडीवर, मी खाली टोपली धरून. बराच वेळ वरून नुसती धूळ येत होती. मग तुम्ही ओरडलात, "आत्याबाई! इकडं या, पाहा काय सापडलं!"

जुन्या सुती लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेले दोन पितळी मुखवटे. एक ज्येष्ठेचा, एक कनिष्ठेचा. सासूबाई आल्या, त्यांनी ते मांडीवर घेतले, बराच वेळ पाहिले. मी सासूबाईंकडे नव्हते पाहत. मी मुखवट्यांच्या कानांकडे पाहत होते. पितळ माळ्यावर पडून राहिलं की हिरवं-काळं होतं, हे कोणत्याही बाईला ठाऊक आहे. हे मुखवटे मळकट दिसत होते खरे, पण ती वरून बसलेली धूळ होती, आतलं पितळ पिवळंजर्द होतं. आणि एका कानाच्या वळणात चिंचेच्या चोथ्याची बारीकशी शीर अडकली होती. ओली नव्हती, पण जुनीही नव्हती. मुखवटे आजेसासूबाईंचे म्हणावेत, तर त्यांना जाऊन किती वर्षं झाली होती, त्यांनी काय परलोकातून येऊन मुखवटे घासले?

मी मान वर केली तेव्हा तुम्ही शिडीवरून माझ्याकडेच पाहत होता. "काहून वं रेखा, अशी काय पाहून राहिली?"

"काही नाही ताई," मी म्हटलं. "छान चकाकतात."

नवी सून होते. पण त्यानंतर जे झालं त्याने माझी मतीच गुंग झाली. सासूबाईंना आठवायला लागलं. आधी म्हणाल्या, माह्या सासूच्या तोंडून कधी ऐकलं नाही. संध्याकाळी म्हणाल्या, एकदा काही तरी म्हणाल्या होत्या खऱ्या. दोन दिवसांनी त्यांना सासूच्या हातच्या आंबिलीची चव आठवली. आठवड्याने एक म्हातारे चुलत सासरे आले, त्यांनी मुखवटे पाहिले मात्र, आणि डोळ्यांत पाणी आणून सांगितलं की लहानपणी याच घरात महालक्ष्म्यांपुढचा फुलोरा आपण चोरून खाल्ला होता आणि मार खाल्ला होता. मार कोणाच्या हातचा तेही सांगितलं. मी चहा देत उभी होते. एका माणसाची खोटी आठवण मी समजू शकते, पण घरभर साथ यावी तशी ती पसरताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. तेव्हापासून कोणी म्हणालं, "आमच्याकडे पूर्वापार आहे," की माझे कान टवकारतात. पूर्वापार म्हणजे कधीपासून? कोणत्या श्रावणापासून?

भाद्रपदात पत्र्याच्या कोठ्या करवून आणल्या, त्यावर मुखवटे चढले, साड्या नेसवल्या, आणि आपल्या घरी "पूर्वापार" महालक्ष्म्या उभ्या राहिल्या.

तुमचं काही मला लबाडीचं वाटायचं आणि काही अजिबात वाटायचं नाही, हीच माझी पंचाईत होती. तुम्ही आवाहनाच्या दिवशी दारापासून तांदळाची पावलं काढत आत यायच्या तेव्हा तुमचा चेहरा मी पाहिला आहे. तो चेहरा नाटकी नव्हता. माणूस इतका खोटा वागून इतका खरा कसा दिसतो, या कोड्यापायी मी दरवर्षी अर्ध्या दिवसाची रजा टाकून पुरण वाटायला येत राहिले. तुम्हाला वाटायचं मदतीला येते. मी पाळतीवर होते.

एकदा मी विचारलंच. ओट्याशी आपण दोघीच. तुम्ही पोळी लाटत होता, मी भाजत होते. "ताई, खरं सांगा. कुठून आणल्या?"

तुमचं लाटणं थांबलं नाही. "तुले कुठून आणलं?"

"मला? उमरेडहून."

"मंग? तुले बाहेरूनच आणलं ना? आता तू या घरची हायेस का नाही? आत्याबाई तुले घरची म्हणते. मंग यायलेच काहून विचारून राहिली?" आणि वरून, "पोळी जळून राहिली, पाह्य."

पोळी खरंच जळत होती. ती उलटता उलटता माझं उत्तर राहून गेलं, ते आजतागायत राहिलंच. रात्री आठवलं की मला आणलं तेव्हा वाजतगाजत आणलं होतं, माळ्यावर लपवून ठेवून मग सापडले असं कोणी म्हटलं नव्हतं. पण तोवर तुमच्या खोलीतला दिवा गेला होता.

खरं कारण मला तुमच्या माहेरी, खाप्याला कळलं. तुमच्या भाचीच्या लग्नाला आपण गेलो होतो. दुपारी मंडपात घुसमटायला लागलं म्हणून तुम्ही मला कन्हानच्या काठावर घेऊन गेलात. पाणी खाली गेलेलं होतं, वाळूच जास्त. तुम्ही एका जागी उभ्या राहिलात आणि बोट दाखवून म्हणालात, "इथं शिरवल्या आमच्या दोघी."

मग तुटक तुटक सांगितलंत. माहेरी मातीच्या मुखवट्यांच्या महालक्ष्म्या होत्या. आई होती तोवर बसल्या. आई गेल्यावर भावजयांना जमेना. तुम्ही भावाला म्हणालात, मला द्या, मी करते. भाऊ म्हणाला, पोरीले देव देत नसते, ते पोरांकडेच राहाते. आणि पोरांनी त्या नदीत सोडल्या. तुम्ही तेव्हा बाळंतपणाला माहेरी होता, प्रशांतला मांडीवर घेऊन काठावर बसून पाहिलंत.

"सांग," तुम्ही म्हणालात, "माह्या मायचा देव मले काहून नाही?"

मी नेहमी तुमच्याकडे फिर्यादीच्या वकिलासारखी पाहत आले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की गुन्हा तुमच्यावरच झाला होता. तुम्हाला मिळायचा होता तो वारसा मुलगी म्हणून मिळाला नाही. आणि स्वतःच्या मनाने निवडायला गेलात, तर सून म्हणून परवानगी नव्हती, कारण घरात देव असावा लागतो, आणायचा नसतो. लोक टीव्हीवर बसून वाद घालतात, माणसाला धर्म वारशाने येतो की तो स्वतः निवडतो. बोलणारे बहुधा पुरुषच असतात. बाईला वारसा माहेरच्या उंबऱ्यात ठेवून यावा लागतो आणि निवडीचं तिला सासरी कोणी विचारत नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून तिचं कुलदैवत बदलतं, व्रतं बदलतात, कोणत्या वारी काय खायचं नाही तेही बदलतं, आणि तिने हे सगळं लहानपणापासून मानत असल्यासारखं करायचं असतं. तुम्ही एवढंच केलंत की निवड केली आणि तिला वारशाचं लुगडं गुंडाळलं.

तरी माझा संशय गेला नाही. उलट वाढला. कारण आता कारण मिळालं होतं, आणि कारण मिळालं की संशय पक्का होतो. इतवारीत पितळेची दुकानं रांगेने आहेत. तिथल्याच एखाद्यात तुम्ही पदर डोक्यावर घेऊन, भाव करून, "जरा जुन्यासारखे दाखवा" म्हणत बसला असाल, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. मला रागही यायचा आणि हसूही.

तुम्हीही मला सोडलं नाही म्हणा. मी हात जोडत नाही याबद्दल तुम्ही कधी चकार शब्द काढला नाही. "तुहे हात पुरणात हायेत, ते पुरे झालं," म्हणायच्या. पण माझे वडील गेले तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी विसरणार नाही. वडील उमरेडला शिक्षक, पक्के नास्तिक. माझं काही करू नका असं सांगून गेले होते. मी माहेराहून आले तर इकडे सासूबाईंनी माझ्यासाठी शुद्धीची सगळी तयारी करून ठेवलेली. मी नाही म्हटलं. घरात हलकल्लोळ. तेव्हा तुम्ही मध्ये पडलात, "आत्याबाई, तिले काहून छळता? न मानणं हा तिच्या माहेरचा कुळाचार हाये. ती पाळून राहिली. पाळू द्या."

माझी सुटका झाली. आणि सुटका करता करता तुम्ही मला असा चिमटा काढलात की तो अजून दुखतो. मी आपली समजत होते की मी विचार करून, वाचून, तावूनसुलाखून नास्तिक झाले. स्वतःची अक्कल चालवली. तुम्ही एका वाक्यात दाखवलंत की माझ्या बापाने हात जोडले नाहीत म्हणून मीही जोडत नाही, एवढंच. त्यांनी देवळाबाहेर चपला सांभाळत उभं राहावं आणि मी त्यांचं बोट धरून उभं राहावं. यात मी निवडलं काय? मी खूप दिवस तुमच्यावर फुरंगटून होते. तुम्हाला त्याचं कारणही कळलं नसेल. की कळलं होतं?

तुम्हाला काय काय कळत होतं, हाच माझा सगळ्यात मोठा संशय आहे.

सासूबाईंचं शेवटचं आठवतं ना? त्यांनी तुम्हाला आणि मला जवळ बोलावलं. कपाटातून मुखवटे काढायला लावले. ते छातीशी धरले आणि मग तुमच्या ओंजळीत ठेवले. "माह्या सासूचं हाये मंदा. सांभाळ."

ताई, मी त्या क्षणी फक्त तुमच्या तोंडाकडे पाहिलं. आता पकडते, असंच माझ्या मनात होतं. जी वस्तू तुम्हीच आणून माळ्यावर ठेवली, ती तुम्हालाच वारसा म्हणून मिळत होती. एखादी रेष तरी हलेल. हसू, शरम, भीती, काही तरी. तुम्ही मुखवटे कपाळाला लावले आणि ढसाढसा रडलात. आईचं काही हाती आल्यावर माणूस रडतं तसं. मला तेव्हा कळेना की तुम्ही स्वतःचीच गोष्ट खरी मानायला लागला होता, की ती त्या क्षणी खरी झाली होती. बँकेत असं कधी होत नाही. खोटी सही कितीही वर्षं कपाटात ठेवली तरी खरी होत नाही. तुमच्या बाबतीत मात्र मी निकाल देऊ शकले नाही.

दवाखान्यातल्या दिवसांतही मी वाट पाहिली. दुपारपर्यंत स्नेहल, नंतर मी, अशा आपल्या पाळ्या होत्या. वाटायचं, आता सांगाल. तुम्ही सांगितलंत ते एवढंच, की सलाइनवाली पोरगी चांगली आहे, तिचं लग्न जमवून टाक.

तर चार दिवसांनी मी ऑटो केला आणि महालात आले. वाक्य ठरवून आले होते. "नाही गं. या घरात नव्हत्या. तुझ्या सासूने आणल्या." खरं ते खरं. वडिलांची मुलगी होते, बँकेची नोकर होते, आणि स्नेहलने खरं मागितलं होतं. एक शहाणी मुलगी मोकळी होणार होती. यात वाईट काय?

स्नेहलने मुखवटे टॉवेलावर काढून ठेवले होते. शेजारी तुमचा चष्मा, बहुधा त्याच कपाटातून निघालेला. प्रशांत बाहेर कोणाशी तरी फोनवर बोलत होता, चुलत भावाशीच, कारण "हो, आज नक्की होऊन जाईल" असं म्हणत होता. आणि मला सगळं दिसलं. मी इथे खरं बोलले की ते स्नेहलकडून प्रशांतकडे जाणार, प्रशांतकडून फोनमध्ये, आणि दिवेलागणीपर्यंत त्या कढी मागणाऱ्या तोंडांत. मंदाने सासूला बनवलं. बाजारातून देव आणून घराण्याच्या माथी मारला. जन्मभर ढोंग केलं. ज्यांना तुमचा तो आवाहनाच्या दिवशीचा चेहरा कधी दिसला नाही, ते आता तुमची पारख करणार.

तुमच्यावर संशय घ्यायचा हक्क माझा होता, ताई. तो मी पुरणपोळ्या भाजून कमावला होता. या लोकांना तो मी फुकट देणार नव्हते.

"पहिल्यापासूनच्या आहेत," मी म्हटलं. "आजेसासूबाईंच्या. मधली वर्षं बंद पडल्या होत्या, म्हणून माळ्यावर गेल्या. तुझ्या सासूला त्या सापडल्या." एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण जीभ सैल सुटली. "आजेसासूबाई म्हणे आंबिलीत ताक जरा जास्त घालायच्या. म्हणून आपल्याकडची आंबील पातळ असते."

ताकाचं मला कुठून सुचलं देव जाणे. हे आपलं म्हणायची पद्धत.

स्नेहलच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसायलाही लागली. तिने मुखवटे टॉवेलात गुंडाळले, पिशवीत घातले आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

"आईंनी मला सगळं सांगितलं आहे काकू," ती म्हणाली. "शेवटच्या दिवशी. त्यांनीच आणल्या होत्या, इतवारीतून. म्हणाल्या, तू मानत नाही तं करू नको. रेखाले विचार. खरं बोलली तं कन्हानात शिरवून दे. अन् खोटं बोलली तं तिच्या घरी पोचवून दे, तिच्याशिवाय कोणी सांभाळणार नाही."

माझं तोंड भाजल्यासारखं झालं. कशी उठले, कशी ऑटोत बसले, आठवत नाही. प्रशांत आणि ती चुलत मंडळी यांना काय सांगायचं ते मी पाहीन, असं काही तरी स्नेहल म्हणाली असावी. सीताबर्डीच्या गर्दीत ऑटो अडकला तेव्हा भानावर आले. पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. आणि मला जी रड फुटली ती फुटलीच. ऑटोवाला आरशातून पाहत म्हणाला, "माताजी, पानी देऊ का?"

मग माझा स्वभाव जागा झाला. मेल्याशिवाय तो काही मरायचा नाही. मी म्हटलं, रेखा, थांब. हे वाक्य मंदाताई बोलल्या याला साक्षीदार कोण? स्नेहल. फायदा कोणाचा झाला? स्नेहलचा. तिला महालक्ष्म्या करायच्या नव्हत्या आणि नदीत सोडण्याचं पाप डोक्यावर नको होतं. माझा चेहरा पाहून, माझं ते ताकाचं ऐकून, मी खोटं बोलते हे तिला तिथल्या तिथे कळलं नसेल कशावरून? आणि तिथल्या तिथे तिने तुमच्या तोंडी ते वाक्य घातलं नसेल कशावरून? पोरगी हुशार आहे. तुमच्या हाताखाली तयार झाली आहे. सासूने सासूच्या नावावर देव खपवला, सुनेने सासूच्या नावावर तो माझ्या गळ्यात बांधला. घराण्यात खरोखर काही वारशाने चालत आलं असेल, तर ही कला.

त्याला आता काही दिवस झाले. उलटसुलट सगळ्या बाजूंनी पडताळून पाहिलं. वाक्य तुमचंच वाटतं. अगदी तुमचं. पण तुमच्यासारखं बोलणं स्नेहलला येतं, ती घरात तुमची नक्कल करायची आणि तुम्ही सगळ्यांत जास्त हसायच्या. शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत ती होती, मी पोचले तेव्हा तुम्ही झोपला होता, त्या झोपेतून पुढे उठला नाहीत. म्हणजे सांगितलं असेलही, नसेलही. पूर्वी असं काही अडलं की मी तडक तुमच्याकडे यायचे आणि तोंडावर विचारायचे. तुम्ही उत्तर द्यायच्या नाहीत, पण तुमच्याकडे पाहता यायचं. आता कोणाकडे पाहू? संशय घ्यायला समोर माणूस लागतं हो ताई. तुमच्याशिवाय माझं संशयीपण सुद्धा पोरकं झालं.

देव आहे याला पुरावा मी आयुष्यभर मागितला, तो कोणी दिला नाही, आणि मिळाला नाही म्हणून माझं काही अडलंही नाही. ज्येष्ठा आणि कनिष्ठा कपाटात आहेत. भाद्रपदात त्यांचं काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही, आणि आमचे हे विचारण्याचं धाडस करत नाहीत. ते राहू दे. माझी मागणी आता फार लहान झाली आहे. मला एवढंच कळायला हवं आहे की त्या शेवटच्या दुपारी, मी घरी जेवायला बसले असेन तेव्हा, तुम्ही स्नेहलला जवळ बोलावून माझं नाव घेतलं होतं.

याला पुरावा नाही. साक्षीदार संशयास्पद आहे. बँकेत असते तर मी कागद परत पाठवला असता. पण तुम्ही माझं नाव घेतलं होतं, असं मी मानते, मंदाताई. बापाने मला हे शिकवलं नाही, तुमच्या घरानेही नाही.